स्वहस्ते

नवी मुंबईत तुर्भ्याला डिसेंबर २०२० मध्ये आयकियाचं दुकान उघडलं. हैदराबादचं त्याच्याही आधीचं, ऑगस्ट २०१८ चं. या स्वीडिश कंपनीचा जगभरचा धंदा साध्या हिशोबावर चालतो: कपाटाच्या फळ्या आम्ही चपट्या खोक्यात भरून देतो, घरी नेऊन जोडायचं काम तुमचं, त्या बदल्यात किंमत कमी. खोक्यात एक अ‍ॅलन की आणि नुसत्या चित्रांची पुस्तिका. भारतात पाऊल टाकताना मात्र कंपनीनं शहाणपणा केला. हैदराबादच्या वेळीच तिनं जोडणीसाठी अर्बनक्लॅपशी, म्हणजे आजच्या अर्बन कंपनीशी, संधान बांधलं. घरी सुतार बोलवायचा, त्याला दोनदा चहा द्यायचा आणि काम होईस्तोवर त्याच्या डोक्यावर उभं राहायचं ही ज्यांची पिढीजात रीत, ती माणसं फरशीवर मांडी घालून स्क्रू आवळत बसतील अशी आशा तिनं फारशी धरली नाही.

आणि तरीही त्याच घरांत रविवारी कुणीतरी सायकलचं पंक्चर काढत बसलेलं असतं, कुणी गच्चीवर कुंड्यांची माती बदलत असतं, कुणी पाकिटात आयता मिळणारा काळा मसाला घरी भाजून डंकावर कुटून आणतं. पैसे टाकले की होण्याजोगं काम माणूस आपल्या हातानं का करतो, त्यातून त्याला काय मिळतं, आणि ते सगळ्यांना सारखंच मिळतं का? पहिल्या दोन प्रश्नांवर मानसशास्त्रज्ञांनी गेल्या पन्नासेक वर्षांत बरंच काम केलं आहे. तिसऱ्याचं उत्तर त्यांच्या प्रयोगशाळेपेक्षा आपल्या इतिहासात जास्त सापडतं, आणि माझ्या मते खरा प्रश्न तोच आहे.

आधी प्रयोगशाळा. मायकेल नॉर्टन, डॅनियल मोचॉन आणि डॅन एरिएली या तिघांचा २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेला शोधनिबंध ‘आयकिया इफेक्ट’ या नावानं ओळखला जातो. काही लोकांना त्यांनी आयकियाचा साधा साठवणीचा खोका जोडायला दिला, काहींना जोडलेला दाखवला, आणि मग दोघांनाही बोली लावायला सांगितली. ज्यांनी स्वतः जोडला त्यांची बोली ६३ टक्क्यांनी जास्त निघाली. खोका तोच. त्यात रंग निवडायचा नव्हता, नक्षी काढायची नव्हती, कल्पकतेला जागाच नव्हती. तरी भाव वाढला. दुसऱ्या प्रयोगात कागदाचे बेडूक आणि करकोचे होते. ज्यांनी घड्या घातल्या त्यांनी आपल्या ओबडधोबड बेडकाला सरासरी २३ सेंट देऊ केले, त्याच बेडकाला इतरांनी ५ सेंटला मागितलं. कसबी माणसानं केलेल्या ओरिगामीला त्रयस्थांनी लावलेला भाव २७ सेंट होता. म्हणजे नवशिक्याला आपलं काम उस्तादाच्या खांद्याला खांदा लावून उभं दिसत होतं, आणि इतरांनाही ते तसंच दिसत असेल अशी त्याची खात्री होती. आपला तो बाळ्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं, हे आपल्याला हार्वर्डनं सांगायची गरज नव्हती. पण याच निबंधातली आणखी एक गोष्ट महत्त्वाची आहे. जोडलेली वस्तू लगेच मोडायला लावली, किंवा काम अर्ध्यावर थांबवलं, की ती वाढीव किंमत नाहीशी व्हायची. नुसता घाम गाळून भागत नाही, काम तडीस जावं लागतं.

याच नॉर्टन यांचं नाव २०१७ च्या दुसऱ्या एका निबंधावर आहे आणि त्याचा निष्कर्ष वरवर पाहता थेट उलटा आहे. अ‍ॅशली व्हिलन्स, एलिझाबेथ डन आणि सहकाऱ्यांबरोबर त्यांनी अमेरिका, कॅनडा, डेन्मार्क आणि नेदरलँड्समधल्या सहा हजारांहून अधिक लोकांकडून माहिती घेतली. पैसे देऊन वेळ विकत घेणारे, म्हणजे झाडलोट, स्वयंपाक, बाजारहाट दुसऱ्याकडून करवून घेणारे लोक आयुष्याबाबत जास्त समाधानी आढळले. व्हँकुव्हरमध्ये ६० नोकरदारांना एका शनिवार-रविवारी ४० डॉलर वस्तूंवर आणि दुसऱ्या शनिवार-रविवारी ४० डॉलर वेळ वाचवण्यावर खर्च करायला दिले. दुसरा खर्च केला त्या दिवशी ते जास्त खुशीत होते. मौज अशी की आपणहून हा खर्च करायला मात्र लोक राजी नसतात. नेदरलँड्समधल्या आठशेहून अधिक कोट्यधीशांना विचारलं, तर जवळपास निम्मे जण नकोशी कामं दुसऱ्याला द्यायला एक पैसाही खर्च करत नव्हते.

मग खरं कोणतं मानायचं? दोन्ही. हे निबंध वेगवेगळी गोष्ट मोजतात. पहिला मोजतो तयार झालेल्या वस्तूविषयीची माया, दुसरा मोजतो रोजच्या धकाधकीतला मोकळा श्वास. आणि दुसऱ्यातली कामं नावडती, उद्या पुन्हा पुढ्यात येणारी आहेत. कपाट एकदा जोडलं की जोडलं. भांडी घासून पालथी घातली, की रात्रीच्या जेवणानंतर सिंक पुन्हा भरलेलंच. तडीस जाण्याची जी अट पहिल्या प्रयोगात दिसली, ती घरातली निम्मी कामं जन्मात पुरी करू शकत नाहीत. दुसऱ्या निबंधाच्या लेखकांनी एक शंकाही बोलून दाखवली आहे: सगळंच दुसऱ्याकडून करवून घेतलं तर आपलं आपल्याला काही जमतं ही जाणीव झिजेल, आणि समाधान उलट घटेल.

ही जमण्याची जाणीव एडवर्ड डेसी आणि रिचर्ड रायन यांच्या सिद्धांतात मध्यवर्ती आहे. आपल्या मर्जीनं करणं, करता येणं आणि माणसांशी जोडलेलं असणं, या तीन गरजा भागल्या की माणूस आतून काम करतो, असं त्यांचं म्हणणं. डेसींचा १९७१ चा प्रयोग प्रसिद्ध आहे. विद्यार्थ्यांना सोमा नावाचं ठोकळ्यांचं कोडं सोडवायला दिलं. काहींना सोडवल्याचे पैसे दिले आणि पुढे ते बंद केले. त्यांनी मोकळ्या वेळात कोड्याला हात लावणं कमी केलं. पैसा मध्ये आला की हौस पातळ होते, असा याचा अर्थ सगळीकडे सांगितला जातो. तो सरसकट खरा नाही, हे पुढे सांगतो.

करता येणं म्हणजे काय, ते बघायला गळका नळ पुरतो. जुन्या पद्धतीचा, गोल फिरवायचा नळ गळायला लागला की बहुतेक घरांत तो आणखी जोरानं आवळला जातो. त्यानं आतला वायसर आणखी खचतो आणि नळ आणखी गळतो. करायचं असतं ते असं: गच्चीवरच्या टाकीचा किंवा बाथरूममधला कॉक बंद करायचा, नळ उघडून पाइपातलं उरलंसुरलं पाणी जाऊ द्यायचं, मुठीखालच्या नटाला पाना लावून स्पिंडल बाहेर काढायचा. त्याच्या बुडाशी रबरी वायसर असतो. वर्षानुवर्षं एकाच जागी दाबला जाऊन त्यावर गोल चर पडलेला असतो. हार्डवेअरच्या दुकानात तो जुना वायसरच नमुना म्हणून न्यायचा, तोंडी माप सांगायच्या फंदात पडायचं नाही. नवा बसवून नट आवळायचा. बाहेरचे आटे सैल वाटले तर टेफ्लॉन टेपचे वेढे. आधीच्या पिढीतले प्लंबर त्या जागी सुतळी आणि सफेदा वापरायचे. यात वाचणारे पैसे किरकोळच. पण आपल्याच घराच्या भिंतीत पाणी कुठून येतं, कुठं अडवता येतं आणि थेंब नेमका का पडतो हे एकदा डोळ्यांनी पाहिलं, की घर थोडं जास्त आपलं होतं. शिवाय पुढच्या वेळी प्लंबर आलाच, तर त्याला काय विचारायचं ते कळतं, आणि तो ‘सगळा नळच बदलावा लागेल’ म्हणाला तर खरं काय तेही. आपण मेल्याशिवाय स्वर्ग दिसत नाही म्हणतात. नळाच्या बाबतीत तो जरा स्वस्तात दिसतो.

पश्चिमेत या गोष्टीवर गंभीर ग्रंथ झाले. रिचर्ड सेनेट यांचं कारागिरीवरचं पुस्तक २००८ चं. मॅथ्यू क्रॉफर्ड हे तत्त्वज्ञानात डॉक्टरेट मिळवून मोटरसायकल दुरुस्तीचं गॅरेज चालवणारे गृहस्थ, त्यांचं ‘शॉप क्लास अ‍ॅज सोलक्राफ्ट’ २००९ चं. बंद पडलेलं यंत्र तुमच्या शब्दांना भीक घालत नाही, चालू होईल तेव्हाच तुमचं बरोबर, हा क्रॉफर्ड यांचा मुद्दा मला पटतो. पण या पुस्तकांमधला करणारा बहुधा पुरुष, बहुधा सुशिक्षित आणि बहुधा स्वतःच्या मर्जीनं पाना उचललेला असतो. तिथं हाताच्या कामाला मजुरी चढी आहे, त्यामुळे स्वतः करणं परवडतं आणि प्रतिष्ठेचंही ठरतं. पुण्याहून न्यू जर्सीला गेलेला, इथं बल्ब बदलायलाही इलेक्ट्रिशियन बोलावणारा माणूस तिथं दोन वर्षांत घराला रंग देतो, हिरवळ कापतो, गॅरेजमध्ये ड्रिल ठेवतो. स्वभाव बदलत नाही, मजुरीचा दर बदलतो. इकडे मार्च २०२५ मध्ये मुंबईत अर्बन कंपनीनं पंधरा मिनिटांत घरकामाला बाई पाठवायची सेवा सुरू केली तेव्हा सुरुवातीचा दर तासाला ४९ रुपये जाहीर केला होता. टीका झाली ती नावावर. ‘इन्स्टा मेड्स’चं ‘इन्स्टा हेल्प’ झालं. तासाला ४९ रुपयांत काम होत असेल तर भांडी स्वतः घासायला कारण वेगळंच लागतं.

ते कारण शोधताना आपल्याकडे गाठ पडते ती जातीशी. गावगाड्यात हजामत न्हाव्याची, कपडे परटाचे, वहाणा चांभाराच्या, मेलेलं जनावर ओढायचं महारांनी. कोणतं काम कुणी करायचं हे जन्मानंच ठरलेलं असल्यामुळे ‘माझं मी करतो’ म्हणणं हा कित्येक बाबतींत बाट होता. डॉ. आंबेडकरांनी १९३६ मध्ये ‘जातिप्रथेचं विध्वंसन’ या न झालेल्या भाषणात मांडलं की जात ही नुसती श्रमांची नव्हे, श्रमिकांचीही विभागणी आहे. अ‍ॅडम स्मिथच्या टाचणीच्या कारखान्यात दहा माणसं कामं वाटून घेऊन दिवसाला ४८ हजार टाचण्या करत. त्यातल्या एखाद्यानं उद्या तार ओढायचं सोडून टोक काढायचं म्हटलं तर कुणाचा धर्म बुडत नव्हता. आपल्याकडे बुडायचा.

म्हणून आपल्या इकडचा स्वावलंबनाचा इतिहास हौसेपेक्षा बंडाचा आहे. गांधींनी ‘सत्याचे प्रयोग’मध्ये सांगितलेले दोन प्रसंग बघा. धोब्याचा खर्च आणि खोळंबा टाळायला त्यांनी कपडे धुण्यावरचं पुस्तक आणून कॉलर घरीच धुतली, खळ जास्त झाली, इस्त्री पुरती तापलेली नव्हती, आणि कोर्टात ती कॉलर खळ गाळत राहिली. बाकीचे वकील हसले. प्रिटोरियात गोऱ्या न्हाव्यानं केस कापायला नकार दिला तेव्हा त्यांनी कात्री-यंत्र आणून आरशात पाहून स्वतःच कापले. मागची बाजू बिघडली, कोर्टात पुन्हा हसू. आपल्या कामाला लोक हसले तरी गांधींना त्याचं वाईट वाटलं नाही, हे आयकियावाल्या प्रयोगाशी जुळतं. पण त्यांनी तिथं लिहिलेली दुसरी गोष्ट कुठल्याही प्रयोगात सापडणार नाही: त्या न्हाव्यावर रागावायचा आपल्याला हक्क नाही, कारण आपणही आपल्या न्हाव्यांना अस्पृश्यांचे केस कापू देत नाही. पुढे टॉलस्टॉय फार्मवर ते चपला शिवायला शिकले. कालेनबाख या मित्रानं ती विद्या ट्रॅपिस्ट साधूंच्या मठातून आणली होती. तुरुंगात केलेली एक जोडी त्यांनी जनरल स्मट्सना भेट दिली. स्मट्स यांनी ती कित्येक उन्हाळे वापरली आणि १९३९ मध्ये गांधींच्या सत्तरीला परत पाठवली. बॅरिस्टरनं चांभाराचं काम करणं हा हिंदुस्थानच्या दृष्टीनं चपलेपेक्षा मोठा मामला होता.

याहून विलक्षण कथा रत्नागिरीच्या तुरुंगातली. कोकणचे गांधी म्हणून ओळखले जाणारे अप्पासाहेब पटवर्धन तिथं कैदी होते. त्यांनी भंगीकाम मागितलं. तुरुंगातली कामं जातीप्रमाणे वाटलेली असत, ब्राह्मण कैद्याला ते मिळेना. अप्पासाहेबांनी अन्न कमी केलं, ही बातमी येरवड्यात गांधींना कळली आणि डिसेंबर १९३२ मध्ये त्यांनीही त्यांच्या पाठिंब्यासाठी उपवास आरंभला. सरकारनं विचार करायचं आश्वासन दिल्यावर तो सुटला. संडास साफ करायची परवानगी मिळावी म्हणून दोन माणसांनी उपाशी राहावं, असं उदाहरण जगात दुसरं असेल असं वाटत नाही. पुढे कणकवलीजवळ गोपुरीत अप्पासाहेबांनी संडासाचे प्रयोग केले, मैल्याचं खत केलं, चर्मालय चालवलं, मेलेल्या जनावरांची कातडी सोलायचं काम स्वतः केलं. विनोबा पवनारहून सुरगावला रोज सफाईला जात. बाबा आमट्यांनी वरोऱ्याचे नगरपालिकेचे उपाध्यक्ष असताना मैल्याची टोपली डोक्यावर घेतली. त्यांना यातून काय मिळालं ते त्यांनी आपापल्या परीनं लिहून ठेवलं आहे आणि त्याच्या खरेपणाबद्दल शंका घ्यायला जागा नाही.

पण त्याच कोकणात, त्यांच्या आधी पाच वर्षं, मार्च १९२७ मध्ये महाडला डॉ. आंबेडकरांनी आपल्या माणसांना सांगितलं होतं की मेलेली जनावरं ओढणं सोडा, मृतमांस खाणं सोडा. ज्यांनी ते काम टाकलं त्यांचा स्वाभिमान टाकण्यातून उभा राहिला, आणि त्यापायी गावांनी त्यांच्यावर बहिष्कारही घातले. अप्पासाहेबांनी तेच काम उचललं आणि त्यांचं आत्मबल वाढलं. काम एकच, जनावर तेच, सुरी तीच. एकाला ते धरण्यातून जे मिळालं ते दुसऱ्याला सोडण्यातून मिळालं, कारण एकाच्या पाठीमागे ते नाकारायची मुभा होती आणि दुसऱ्याच्या पाठीमागे नव्हती. डेसी-रायन ज्याला मर्जी म्हणतात ती इथं इतक्या उघड्यावर दिसते की प्रयोगाची गरज पडू नये. अप्पासाहेबांचं मोठेपण यानं कमी होत नाही. मात्र त्यांच्या उदाहरणावरून ‘कुठलंही काम मन लावून केलं की आनंद मिळतो’ असा सुविचार फळ्यावर लिहिणाऱ्यांनी आधी महाडचं भाषण वाचावं.

जातीनंतर घर. घरातली कामं कोण करतं याची मोजणी आता सरकारच करतं. २०१९ च्या वेळवापर पाहणीत घरकाम करणाऱ्या बायकांचा दिवसातला सरासरी वेळ २९९ मिनिटं आणि घरकाम करणाऱ्या पुरुषांचा ९७ मिनिटं निघाला. २०२४ मध्ये बायकांची २८९ मिनिटं झाली, पुरुषांची ८८. या दोन पाहण्यांच्या मध्ये टाळेबंदी येऊन गेली. मार्च २०२० नंतर सोसायट्यांनी कामवाल्या बायकांना फाटक बंद केलं, सलून जूनअखेरपर्यंत बंद होती (महाराष्ट्रात २८ जूनपासून केस कापायची मुभा मिळाली, दाढीची तेव्हाही नाही), आणि घरोघरी नवरे ओट्याशी उभे राहून फोटो काढून घेत होते. केस बायकोनं कापले, डालगोना कॉफी घुसळली, लादी पुसताना कंबर कशी धरते याचे लेख आले. पुरुष बदलला, असं तेव्हा ऐकू येत होतं. आकडे म्हणतात, बदलला खरा. नऊ मिनिटांनी, उलट्या दिशेनं. हौस ती हौसच, दारावरची बेल वाजून कामवाली परत आली की हौसेची गरज संपते.

बायकांच्या हातच्या कामाबद्दल बोलताना समाधान हा शब्द मराठीत फार सढळपणे वापरला गेला आहे. सुगरण म्हटलं की मजुरी द्यावी लागत नाही. आणि तरी ते समाधान सरसकट खोटं म्हणणंही अन्यायाचं होईल. एप्रिल-मे मधलं वाळवण आठवा. कुरडयांचे गहू तीन दिवस रोज पाणी बदलत भिजवायचे, वाटून चीक काढायचा, रात्रभर निवळू द्यायचा, वरचं पाणी टाकून तो शिजवायचा, हाताला चटके बसत असताना सोऱ्यात भरून उन्हं तापायच्या आत गच्चीवर घालायच्या. ही एकटीची कामगिरी नव्हेच. शेजारच्या चौघी आल्या, उद्या तिच्याकडे आपण जायचं, पोरांनी कावळे हाकलत ओला चीक खायचा. ते संपलं त्याला बाजारात आयत्या कुरडया मिळू लागणं हे एक कारण, पण त्याआधी दुपारी मोकळ्या असणाऱ्या त्या चौघी संपल्या. जोडलेलं असणं नावाची जी तिसरी गरज आहे ती इथं पापडाएवढीच महत्त्वाची होती. कमलाबाई ओगल्यांचं ‘रुचिरा’ १९७० मध्ये आलं आणि वाटी-चमच्याच्या मापानं घराघरांत गेलं, ते बहुधा याच पोकळीत: सांगायला सासू-शेजारीण जवळ नसलेल्या, पण स्वतः करून बघायची इच्छा असलेल्या मुलींसाठी.

आणि लिज्जत. १९५९ मध्ये गिरगावातल्या सात बायकांनी ८० रुपये उसने घेऊन गच्चीवर पापड लाटले आणि विकले. लाटणं तेच, हात तेच. डेसींच्या ठोकळ्यांचा नियम इथं लावला तर पैसे मिळायला लागल्यावर त्यांची गोडी कमी व्हायला हवी होती. झालं उलटं, कारण जे काम आजवर फुकट गृहीत धरलं होतं त्याला पहिल्यांदा दाम मिळाला. ज्याला कामाचं मोल आधीच मिळत आलंय त्याची हौस पैशानं पातळ होत असेल. ज्याला कधी मिळालंच नाही त्याला पैसा हीच दाद असते.

पाबळला हेच दिसतं. डॉ. श्रीनाथ कलबाग हिंदुस्थान लिव्हरमधली शास्त्रज्ञाची नोकरी सोडून १९८३ मध्ये पुणे जिल्ह्यातल्या या दुष्काळी गावात गेले आणि विज्ञान आश्रम काढला. शाळेत न रमलेली मुलं तिथं वेल्डिंग, वायरिंग, शेड उभारणी, कोंबडीपालन, जमिनीतलं पाणी शोधायची मोजणी शिकतात. कलबागांचा आग्रह होता की सराव खोट्या नमुन्यांवर करायचा नाही. गावात कुणाला गेट हवं असतं, कुणाच्या घरी वीज खेचायची असते, तेच काम करायचं आणि त्याचे पैसे घ्यायचे. गिऱ्हाइकानं पैसे मोजले म्हणजे वेल्डिंग धरलं. गांधींच्या १९३७ च्या वर्धा परिषदेतून निघालेल्या नई तालीमची टकळी शाळांमधून कधीच हरवली. कर्मवीर भाऊराव पाटलांच्या रयत शिक्षण संस्थेतली ‘कमवा आणि शिका’ योजना मात्र टिकली, आणि कलबागांची रीत तिच्या जवळची आहे. मुलाला कामातून समाधान मिळावं म्हणून आधी काम खरं असावं लागतं.

ही खरेपणाची अट लहान मुलांनाही कळते. दिवाळीतला किल्ला घ्या. सुट्टी लागली की चार विटा, एक गोणपाट, कुठून तरी उकरून आणलेली माती, उतारावर अळीव पेरायचे आणि सकाळी उठून आधी ते उगवले का बघायचं, मग मावळे कुठं उभे करायचे यावरून भांडणं. अलीकडे रंगवलेला, बुरूज-दरवाजासकट आयता किल्ला बाजारात मिळतो. जागा नसलेल्या फ्लॅटसाठी त्याची सोय आहे हे मान्य. पण त्याच्याभोवती पोरं जमत नाहीत. खिडकीत ठेवून झालं की काम संपतं. मधला मार्ग काढायचा तर पुण्याच्या गिट्सनं १९६३ पासून दाखवलेला आहे: गुलाबजामचं पीठ पाकिटातलं, पण मळायचं, वळायचं, तळायचं आणि पाक करायचा घरी. अमेरिकन केकच्या पाकिटातून अंड्याची पूड काढून टाकली, गृहिणीला खरं अंडं फोडायला लावलं आणि मग विक्री वाढली, ही गोष्ट व्यवस्थापनाच्या वर्गात हमखास सांगतात. ती बरीचशी दंतकथा आहे. खरं अंडं घालायची मिश्रणं तिकडे १९३० च्या दशकातच आली होती. पण गिऱ्हाइकाला थोडं काम शिल्लक ठेवावं, हे विकणाऱ्यांना समजलेलं आहे एवढं खरं.

अडचण आता वेगळ्या बाजूनं येते आहे. वर ज्या नळाचं वर्णन केलं तो नवीन घरांत राहिलेला नाही. पाव फेऱ्यात उघडणाऱ्या नळात वायसर नसतो, सिरॅमिकच्या चकत्यांचं काडतूस असतं. बिघडलं की ते अख्खं बदलायचं आणि ते त्याच कंपनीचं लागतं. मोबाइलची बॅटरी पूर्वी नखानं निघायची, आता ती गोंदानं चिकटवलेली असते. स्वतः करायची तयारी असली तरी वस्तू उघडत नाही. युरोपात यावर उपाय म्हणून अ‍ॅमस्टरडॅमला २००९ मध्ये मार्टिन पोस्टमा यांनी पहिला रिपेअर कॅफे भरवला, जिथं जाणकार शेजारी बसून मोडकी वस्तू तुमच्याच हातानं दुरुस्त करवून घेतात. कायदाही मागोमाग आला: फेब्रुवारी २०२७ पासून युरोपीय संघात विकल्या जाणाऱ्या बहुतेक लहान उपकरणांतली बॅटरी वापरणाऱ्याला स्वतः काढता आली पाहिजे, असा नियम आहे.

भारतानं डिसेंबर २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्काचं पोर्टल उघडलं. शेतीची अवजारं, मोबाइल आणि इलेक्ट्रॉनिक्स, घरगुती उपकरणं, वाहनं असे चार विभाग. २०२५ मध्ये सरकारी समितीनं मोबाइल आणि टॅबलेटवर दुरुस्ती किती सोपी याचे गुण छापावेत अशी शिफारस केली. आपल्याकडे याचा फायदा घरमालकापेक्षा कोपऱ्यावरच्या टपरीत भिंग लावून बसलेल्या दुरुस्तीवाल्याला व्हावा, हे मला गैर वाटत नाही. तोही कंपनीच्या सेवाकेंद्रापासून कसब वाचवूनच बसलेला आहे. पोर्टलवर माहितीपुस्तिका आहेत, सेवाकेंद्रांचे पत्ते आहेत, वॉरंटीच्या अटी आहेत. आणि बहुतेक कंपन्यांच्या त्या अटींत एक कलम ठरलेलं असतं: बाहेर कुणी उघडली असेल तर वॉरंटी संपली.